छोट्या शेठच्या डोक्यावरच्या खपल्या

आमच्या मसोली गावात घरोघरी जाऊन केस कापणारे एक काका आहेत. त्यांना गिऱ्हाईक म्हणजे शेठ, मग तो बँकेतला साहेब असो की वाडीतला मजूर. कात्रीबरोबर तोंडही चालू. फक्त वस्तरा कानामागे आला की गप्प.

माझा मुलगा तीन महिन्यांचा असताना त्याच्या डोक्यावर कोरड्या, पिवळट खपल्या धरल्या. सासूबाई म्हणाल्या, "जावळ काढू, खपल्याही जातील."

"वस्तऱ्याने कातडी सोलवटेल. तेलाने मऊ करू, मग हलक्या हाताने धुऊ," मी म्हटलं. माहेरी-सासरी कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, याचा मला अभिमान आहे. पण उत्तर मिळालं, "पोरं पुस्तकात वाढत नाहीत."

ठरल्या दिवशी काका आले. "चला छोटे शेठ, नंबर तुमचा!" म्हणत त्यांनी बाळाचं टोपडं काढलं आणि वाकून खपल्या निरखल्या. मग माझ्याकडे वळले; सासूबाई त्यांच्या मावशी, तर मी बेन, म्हणजे बहीण. "बेन, आई तुम्ही. तुमचं काय म्हणणं?"

मी पुन्हा तेच सांगितलं. काकांनी वस्तरा न उघडताच पेटीत ठेवला.

"अहो, मुहूर्त काढलाय!" सासूबाई म्हणाल्या.

"मावशी, मुहूर्त दुसरा मिळेल. शेठला डोकं एकच आहे."

सासूबाईंना हसू फुटलं. त्यांनीच खोबरेलाची वाटी आणून मला बजावलं, "लाव. पण नखाने खरवडू नकोस हं!"

तोवर काकांनी पेपर वाचत बसलेल्या माझ्या सासऱ्यांच्या गळ्यात कापड बांधलंसुद्धा. "बसा मोठे शेठ, मुहूर्त वाया कशाला घालवायचा?"