ताकातल्या भाताची वाटी

पस्तीस वर्षं मी माझी न्याहारी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच उरकली. रात्रीचा उरलेला भात ताकात भिजवायचा आणि सकाळी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायचा. शेजारच्या गुजराती बाई "केम छो, बेन?" म्हणत आत आल्या की मी वाटीवर ताटली झाकायची. पाहुण्यांना पोहे, मुलाला ब्रेड-बटर आणि शिळं आईनं संपवायचं, अशी आमच्या घरची रीत.

मुलगा जिमला जातो. दंड दगडासारखे, पण पोट कायम फुगलेलं. पावडरीचे डबे आणि उकडलेली अंडी सोडून त्याला काही नको. गेल्या महिन्यात समा भागातल्या आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली. भाजीच्या पिशव्या घेऊन मी चौथ्या मजल्यावर पोहोचले, तेव्हा हा दुसऱ्यावर पोट धरून बसला होता.

शेवटी तो आहारतज्ज्ञ बाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, "व्यायाम चालू ठेव, पण तुझ्या आतड्यातले चांगले जिवाणू उपाशी आहेत. त्यांना डाळी, भाज्या, भाकरी, घरचं ताक मिळू दे." घरी येऊन तो त्यांनी दिलेली यादी वाचू लागला आणि मध्येच अडखळला.

"आई, ताकात रात्रभर भिजवलेला भात! हा कुठे मिळतो गं?"

मी तडकलेच. "तुझ्या आईच्या वाटीत! इतकी वर्षं दिसला नाही?"

त्या रात्री मी मुद्दाम जास्तीचा भात लावला. सकाळी टेबलावर दोन वाट्या मांडल्या आणि खुर्ची ओढून बसले. तेवढ्यात शेजारच्या बाई आत आल्या. मी ताटली शोधली नाही. तिसरी वाटी काढली.