शिळं पाणी

जानेवारीच्या थंडीत सर बाही कोपरापर्यंत दुमडत, प्रयोगशाळेतल्या टाकीत हात घालत आणि पाण्यात टांगलेल्या पोलादी गोळ्यावरून बोटं फिरवत. बाळाचं तोंड पुसावं तसं. मग खुंटीवरच्या पंच्याला हात पुसत विचारत, "पाणी शिळं आहे ना?"

उत्तरेकडच्या मुल्लानपूरच्या आमच्या कॉलेजात ते पाण्याखालच्या वस्तूंवरून परतणारा आवाज मोजायला शिकवत. आरमारातून निवृत्त झालेले आणि समुद्रापासून जमेल तितके लांब आलेले. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवत असे. मराठी बोलायला आम्हाला एकमेकांशिवाय कोणी नव्हतं.

नळाच्या ताज्या पाण्यातून बुडबुडे सुटतात, गोळ्याला चिकटतात आणि सोडलेल्या आवाजाला गोळ्याऐवजी तेच उत्तर देतात. म्हणून पाणी चार दिवस तसंच ठेवायचं. "अहो, बुडबुडा फार बोलका. आत काही नसतं ना," ते म्हणत. असे बोलके तुम्हीही व्यासपीठांवर पाहिले असतील. आमच्याकडेही कमी नव्हते.

मार्चमध्ये त्यांचा करार संपत होता. तपासणी समितीपुढे प्रयोग नीट झाला तर तो वाढणार, नाहीतर पुण्याला मुलाकडे. "तिथे मी काय करू? टीव्ही बघू?" त्या आठवड्यात ते तासातासाला टाकी पाहून येत. मलाही झोप लागेना.

समितीच्या दिवशी सकाळी आम्ही दार उघडलं. कॉलेजच्या संचालकांनी टाकी घासून, ताजं पाणी भरून ठेवलं होतं. काठावर झेंडूची माळ.

"चमका दी, सर जी," संचालक म्हणाले.

सरांनी बाही दुमडली. गोळा पुसला. बुडबुडे पुन्हा चिकटले. पुन्हा पुसला. बाहेर बुटांचे आवाज जवळ येत होते.

हरप्रीत ही त्यांची विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "सर, कल वाला ग्राफ दिखा दें? किसी को पता नहीं चलेगा."

खरं सांगतो, मला ते पटलं होतं.

"बेटा, आज का पानी, आज की रीडिंग."

हरप्रीतने यंत्रातून पाण्यात आवाज सोडला. पडद्यावर रेघ थरथरली आणि भलताच आकडा आला. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "ये ठीक है?"

"जी नहीं," सर म्हणाले आणि बुडबुड्यांविषयी सांगू लागले. गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. संचालकांनी चहाच्या दिशेने हात केला.

करार वाढला नाही. सर पुण्याला गेले. पंचा खुंटीवरच राहिला.

एप्रिलमध्ये एका दुपारी मी सहज तिथे डोकावलो. खोलीत कोणी नव्हतं, कट्ट्यावर फक्त हरप्रीतची वही. टाकीतलं पाणी स्तब्ध होतं, गोळा स्वच्छ. मी पंच्याला हात लावून पाहिला.

ओला होता.