फाटकाबाहेरच्या बायका आणि आतल्यांचे डोहाळे

झरीहून लग्न होऊन मी पूर्णेला आले, त्याच वर्षी तिथल्या जिनिंगमध्ये युनियन आली. कापसातला कचरा निवडणाऱ्या बायकांची मजुरी वाढली. माझी थोरली जाऊ आत कामाला होती. तिनं नवं लुगडं घेतलं आणि आठवडाभर गल्लीत उगीच येरझारा घातल्या. मला वाटलं, आता आपणही जाऊ. पण मुकादमानं फाटकातूनच हात जोडले.

"मजुरी वाढलीय बाई. शेट म्हणतेत, हायेत तेवढ्याच बाया पुरे."

मिळालंच तर काम बदलीचं, म्हणजे आतली एखादी आली नाही तर. म्हणून आम्ही बाहेरच्या बायका सकाळीच फाटकाशी बसून आत जाणाऱ्या प्रत्येकीचा चेहरा निरखायचो. कुणी चिंच मागितली की आमच्यात आनंदीआनंद. एकीला नुसती ढेकर आली, तर आम्ही सरकून तिला बसायला जागा दिली.

दोन हंगाम असेच गेले. मग चक्क माझ्या जावेलाच दिवस गेले. मी तिचे डोहाळे इतके मनापासून पुरवले, की हिला एवढी माया कुठून फुटली म्हणून सासूबाई बघतच राहिल्या. तिच्या जागी मी आत गेले. पण पोर जरा मान धरायला लागलं तशी ती म्हणाली, "उद्यापासून मी जायलेय कामाला."

"अन् मी, आक्का?"

"तू फाटकावर."

तो राग मनात ठेवून मी युनियनच्या पुढच्या बैठकीत उभी राहिले. "आमी बाहेरच्यांनी काय करायचं? थोड्या कमी मजुरीवर घ्या आमाला."

आतल्या बायका उसळल्या. सगळ्यात मोठा आवाज जावेचा. "तू कमीवर आलीस तर उद्या आमालाबी तेवढंच देतील!"

ती बोलली ते खरंच होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मग तीच म्हणाली, "मजुरी न्हाई उतरायची. पण दिवेलागणीपस्तोर जादा काम करून माझं लेकरू मला वळखंना झालंय. ते जादा काम ह्या बाहेरच्यांना द्या."

लय कुरकुर झाली. शेवटी निम्म्याजणींनी जादा काम सोडलं आणि आमच्यातल्या काहीजणी संध्याकाळच्या पाळीला लागल्या. बाकीच्या बाहेरच राहिल्या. पाळीला आत शिरताना मी त्यांची नजर चुकवायची.

पाळी बदलताना, दिवसभर मी सांभाळलेलं तिचं लेकरू मी जावेच्या कडेवर द्यायची. ती तिथंच भिंतीच्या सावलीत बसून त्याला पाजायची, आणि मी पदर खोचत आत पळायची.