चेंडू शेळीला लागला तर

बास्केटबॉलचा चेंडू निमूटपणे जाळ्यातून खाली पडू शकतो, यावर आमच्या घरमालकांचा काडीचाही विश्वास नव्हता. त्यांच्या मनातला चेंडू कडी आणि फळी यांच्यामध्ये अडकायचा, हवेतच फुटायचा, नाहीतर एखादा गोंधळलेला खेळाडू तो स्वतःच्याच बास्केटमध्ये टाकायचा. सोलापुरात त्यांचं कापडाचं दुकान होतं, पण जीव सगळा पंचगिरीत. लुगडं घ्यायला आलेल्या बाईला त्यांनी एकदा विचारलं, "फुटलेला चेंडू चपटा होऊन जाळ्यातून पडला, तर गुण द्यायचे की नाही?" बाई म्हणाली, "द्या की, टाकलाय बिचाऱ्यानं." मालक नियम समजावत बसले आणि बाई शेजारच्या दुकानात गेली.

या प्रश्नांचे खरे धनी शाळेतले एक ड्रिल मास्तर. बास्केटबॉलला दोन पंच लागतात. ही जोडी वर्षानुवर्षं ठरलेली. मास्तर घरी तेलुगू बोलत, मालक कन्नड, आणि भांडण मराठीत होई. संध्याकाळी ओट्यावर टेकता टेकता मास्तर मालकांचा एखादा निर्णय खोडून काढत आणि मालकांचा चेहरा उजळे. चहा दोनदा होई, निकाल कधीच लागत नसे.

दुष्काळाच्या पुढच्या वर्षी मास्तर वारले. मग मालक मला प्रश्न घालू लागले. मी त्यांचा भाडेकरू, वर्तमानपत्रात कामाला. खेळातलं काही कळत नसल्यामुळे त्यांनीच दिलेल्या प्रत्येक उत्तराला मान डोलवी. हळूहळू प्रश्न थांबले. चहा एकदाच होऊ लागला.

बार्शीच्या एका सामन्यासाठी त्यांना बोलावणं आलं. मीही सोबत गेलो. दुसरा पंच नवा, तरुण होता. सामना रंगात असताना मैदानात शेळी शिरली. एकाने दिलेला पास तिच्या पाठीवर आपटून थेट समोरच्या संघातल्या गड्याकडे गेला आणि त्याने बास्केट केलं. मालकांनी शिट्टी वाजवून तरुणाला मत विचारलं. तो म्हणाला, "तुमी म्हणाल तसं, साहेब." मग मालकांनी बास्केट रद्द केलं. कोणी हरकत घेतली नाही. ज्यांचे गुण गेले त्यांचा कप्तानसुद्धा मुकाट जागेवर गेला.

परतताना एसटीत ते म्हणाले, "बरोबर दिलं का चुकलं, आता कोण सांगणार?"

मी म्हणालो, "चुकलात तुम्ही."

ते झटकन माझ्याकडे वळले. मांडीवरची पिशवी त्यांनी खाली ठेवली. "कसं काय? सांगा की."

मला पुढचं काही येत नव्हतं. त्यांनी पिशवी परत मांडीवर घेतली. मग "राहू द्या" म्हणून माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.