नाकदादाला वास येत नाही

"नाही येत वास!"

"बाबा, जिन्यातूनच येतोय. तुमच्या खुंटीवरच्या शर्टाला पिकल्या केळ्यांचा वास मारतोय."

"केळ्याच्या वासाचाच माल बनवतो आम्ही. मग काय, गुलाबाचा यायचा?"

"माल बंद भांड्यात बनतो. शर्टावर कसा आला? झाकण गळतंय."

"कालच झाकणाभोवती हुंगत फिरलोय मी. काही नाही."

लेक त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये होती. शब्दाने शब्द वाढवायची तिला सवय नव्हती. तिने टेबलावर दोन पेले ठेवले, दोन्हींवर बश्या. "एकात पाणी, एकात पांढरं व्हिनेगर. सांगा."

बाप हसला. कारखान्यात त्याला नाकदादा म्हणत, ते उगीच नाही. पिंपं ढकलायच्या कामाला लागलेला हा माणूस रिअॅक्टरवर, माल शिजवायच्या भांड्यावर, नेमला गेला तो नाकाच्या जोरावर. आम्ल आणि अल्कोहोल एकत्र तापवायचं, वर थोडं सल्फ्युरिक अॅसिड, की आंबट जाऊन गोड वास धरतो. आधी हे काम धावतं, मग रेंगाळतं. शेवटचा आंबटपणा काही केल्या हटत नाही. नाकदादा नमुन्याच्या नळीशी वाकून सांगायचा, "अजून कच्चंय." लॅबचा आकडा मागाहून यायचा, बहुतेक वेळा तेच सांगणारा. एकदा त्याने भर कामात "बंद करा!" म्हणून बोंब ठोकली. साहेब अंगावर धावून आले. पाइपाचा जोड उघडला, तर आतून थेंब गळत होते, आणि खाली मोटर चालू; एक ठिणगी पुरली असती. तेव्हापासून गळती हुडकायला यंत्र घ्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. नाकदादा आहे ना!

त्याने दोन्ही बश्या उचलल्या. वाकला. छातीभर श्वास घेतला.

काहीच नाही. नुसता गारवा.

"हे व्हिनेगर," त्याने उजवीकडचा पेला पुढे सरकवला.

लेकीने तो उचलला आणि त्याच्या डोळ्यांत बघत घटाघटा पिऊन टाकला.

रिकामा पेला तिने टेबलावर ठेवला. पाणी होतं.

"कधीपासून, बाबा?"

"सर्दी झालीय."

"कधीपासून?"

"हळूहळू गेलं गं. कळलंच नाही."

"मग रोज झाकण तपासता ते कसं?"

तो बशी पालथी करत बसला. "फिटरच्या तोंडाकडे बघतो. त्याने नाक मुरडलं की म्हणतो, येतोय वास."

"आणि तो तुमच्या तोंडाकडे बघतो! कारखान्यात जेवताना आम्हा लॅबवाल्यांजवळ बसला होता. म्हणाला, आमची नाकं त्या वासाला सरावलीत, आता काही जाणवत नाही. दादा गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे."

गेले कित्येक दिवस त्या भांड्याभोवती चार माणसं एकमेकांची तोंडं बघत उभी होती, आणि वास कुणीच घेत नव्हतं.

"आज सल्फ्युरिक दुप्पट घालणार आहेत," लेक म्हणाली.

"लवकर उरकायचंय साहेबांना."

"उरकेल. पण त्याने घाई वाढते, माल नाही वाढत. त्या घाईबरोबर मालातून सुटणारं पाणी काढायचं तर भांडं तापवायला वाफ जास्त सोडावी लागणार. सगळा जोर त्या झाकणावर. खाली मोटर, शेजारी गरम पाइप. तो द्राव पेटायला किती वेळ लागतो, हे मी सांगू तुम्हाला?"

"मला शिकवू नकोस."

"मग साहेबांना जाऊन सांगा."

"काय सांगू? नाकदादाचं नाक गेलं?" तो एकदम उसळला. "हसतील, बाई! झाडू देतील हातात. नाकाशिवाय मी आहे कोण तिथे?"

"माझे बाबा आहात. फिटरला दोन लहान पोरं आहेत. त्याचंही कुणीतरी आहात तुम्ही."

बाहेर पाळीचा भोंगा झाला. नाकदादाने डबा उचलला. तोच केळ्याच्या वासाचा शर्ट अंगात चढवला, बटणं लावताना एक घर चुकलं, पुन्हा लावली.

"बाबा, वाफ सोडायच्या आधी सांगाल ना?"

त्याने पायांत चपला सरकवल्या.

"बाबा, सांगाल ना?"

तो दार ओढून जिना उतरू लागला.