पुष्पाची पात

पुष्पाच्या उजव्या कानात इयरफोन असायचा. डावा कान बायांसाठी मोकळा. घाटंजीजवळच्या बंजारा तांड्यातल्या बाया सोयाबीन निंदायला रांगेत बसत, प्रत्येकीची आपली पात, म्हणजे वाट्याची ओळ. एखादीला ताप असला, दिवस गेलेले असले, तर मागे पडलेली तिची पात शेजारणीनं गुपचूप ओढून न्यायची, अशी तिथली रीत. आपल्यावर ती वेळ कधी आली नाही, याचा पुष्पाला अभिमान होता.

कानात दूरच्या कुठल्याशा विद्यापीठाचे सर संख्याशास्त्र शिकवत, तेही फुकट. लग्नापायी बी.एस्सी. अर्ध्यावर सुटली, तेव्हा उरलेला अभ्यास तिनं स्वतःच लावून घेतला. आधी गणित, मग संख्याशास्त्र. सकाळी व्हिडिओ उतरवायचे, शेतात ऐकायचे, भाकरी थापून झाल्या की गणितं सोडवायची. पदवी कोणी देणार नव्हतं. सासू म्हणायची, "नाकापेक्षा मोती जड झाला तुले."

जड झालाच होता. हल्ली गणित सोडवता सोडवता तिची मान वहीवर पडायची. तेच प्रकरण पुन्हा पुन्हा ऐकूनही डोक्यात शिरेना. थकवा हाडात मुरला होता. एक दिवस फोन घरीच ठेवून ती शेतात आली. बास झालं.

त्या दिवशी पात संपवून पलीकडच्या बांधाशी पोचल्यावर शेजारच्या पातीवरची म्हातारी लालीबाई म्हणाली, "आज तुही पात आपसूक आली व."

"रोजच येते ना, याडी." तांड्यात आईला याडी म्हणत; पुष्पा लालीबाईलाही तेच म्हणायची.

"रोज मी आणली. तू ऐकता ऐकता विळा धरून नुसती बसून राह्यते. अर्धी पात तर मीच निंदली."

पुष्पाचा चेहरा उतरला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मंग बोलली काहून नाही?"

"बोलली असती तर तू ते सोडलं असतं."

"सोडलंच मी. थकली व याडी, जमत नाही."

लालीबाईनं कमरेवर हात ठेवून कण्हत पाठ सरळ केली. "थकली तर मी बी हाव. सोडाचं असन तर खुशाल सोड. पण आंधी माही कंबर वापस दे."



दुसऱ्या दिवशी इयरफोन पुन्हा कानात होता. उन्हं चढली, पुष्पा मागे पडली. या वेळी मात्र तिनं मान वळवून पाहिलं. लालीबाईचा सुरकुतलेला हात तिच्या पातीत शिरून गवत उपटत होता. सर काय म्हणाले ते तिला ऐकूच आलं नाही. डोळे पुसून तिनं व्हिडिओ थोडा मागे नेऊन पुन्हा लावला.