ओट्यामागची भेग

भेग पहिल्यांदा दिसली तेव्हा मला वाटलं, केस चिकटलाय. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघालेला, ओट्यामागच्या पांढऱ्या टाइलांपर्यंत तिरपा उतरलेला एक लांब काळा केस. मी वरणाला फोडणी देत होते. हात पुसून त्यावर ओलं फडकं फिरवलं. केस गेला नाही. नखाने खरवडलं तर नखात नव्या रंगाची पापडी आली आणि केस तिथेच. इकडे कढईतला लसूण करपून काळा झाला, त्याचा वास नाकात शिरला तेव्हा मी भानावर आले.

मी मूळची कणकवलीकडची. सातवीनंतर शाळा सुटली आणि काकूबरोबर डबे करायला लागले. आमच्याकडे रस्त्याचं मोठं काम निघालं, कामगारांच्या कॅम्पात आमचे डबे जायचे. तिथला एक वऱ्हाडी वायरमन रोज आमटीला नावं ठेवायचा, "सारं खोबरंच हाये याच्यात," आणि रोज डबा चाटूनपुसून परत पाठवायचा. त्याच्याशीच माझं लग्न झालं. तो अकोला जिल्ह्यातल्या हिवरखेडचा, पुढे काम मिळालं अमरावतीला. तीन वर्षं भाड्याच्या खोलीत काढली आणि मग राजापेठेमागच्या एका गल्लीत हे जुनं घर घेतलं. पुढे अंगण, मग दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे चार पावलांची मोकळी जागा.

घर घेतलं तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंती धुराने तपकिरी झाल्या होत्या. ते आम्ही दोघांनीच उभं केलं. रविवार आणि रोजची संध्याकाळ. त्यांनी वायरींचे पाइप टाकले, मी छन्नी-हातोडी घेऊन जुना गिलावा पाडला. माझे घाव ऐकून ते आतल्या खोलीतून ओरडायचे, "हळू वं! भित पाडतं का आता?" मी हसायचे. पुढे हेच वाक्य माझ्या डोक्यात किती महिने वाजणार होतं, तेव्हा काय माहीत. काळ्या कडप्प्याचा ओटा झाला, टाइला बसल्या, माझ्या उंचीला फळी लागली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या उंचीचं काहीतरी कोणीतरी मला विचारून केलं होतं. मी त्या फळीवर हात ठेवून रडले होते, हे त्यांना अजून माहीत नाही.

राहिलं सिंकचं पाणी. त्यांना पाइप गल्लीतल्या गटाराला जोडायचा होता. मीच म्हटलं, नको. आमच्याकडे न्हाणीचं, मोरीचं पाणी गटारात घालवत नाहीत. घरामागे केळ असते, अळू असतं, ते पाणी त्यांचं. माहेरहून येताना मी केळीचा एक कोंब ओल्या गोणपाटात गुंडाळून आणला होता. दोन गाड्या बदलून, मांडीवर धरून. तो खिडकीच्या अगदी खाली, भिंतीच्या मुळाशी लावला, म्हणजे भाजी ढवळताना पान दिसावं. ते म्हणाले, "तुह्या मनानं होऊ दे," आणि पाइप भिंतीतून बाहेर काढून केळीच्या बुडाशी सोडला.

केळ जगली. दिवाळीनंतर लावलेली, होळीपर्यंत खिडकीच्या वर गेली. आईचा फोन आला की पहिला प्रश्न, "केळ कशी आसा?" मग जावई, मग मी.

आणि मग ती भेग.

मला वाटलं, मीच केलं हे. माझ्या हातोडीने. कुठला तरी घाव खोल गेला आणि भिंत आतून फुटली. मी भेगेपुढे डबे रचले. तुरीच्या डाळीचा, ज्वारीच्या पिठाचा, त्यावर शेंगदाण्याचा. ते म्हणाले, "किराना दुकान टाकून राहिली का?" मी म्हटलं, हाताशी बरं पडतं.

ते कामावर गेले की डबे काढून बघायचे. आधी भेगेत कढीपत्त्याचं पान जायचं. पंधरा दिवसांनी उदबत्तीची काडी गेली. मी काडी ओढून काढली आणि घाईघाईने डबे पुन्हा लावताना शेंगदाणे सगळ्या ओट्यावर सांडले. कुकर लावणं सोडलं, शिटीने भिंत हलेल म्हणून. डाळ पातेल्यात शिजवायचे, तासभर. खलबत्ता अंगणात नेला. जवसाची चटणी तिथे उन्हात बसून कुटायचे. कधी भिंतीला कान लावायचे. आत काहीच वाजायचं नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची.

सांगून टाकायचं ना, असं कुणीही म्हणेल. मी रोज ठरवायचे. पण ताट वाढलं की ते भिंतीकडे बघत म्हणायचे, "वा, का घर केलं आपन!" आणि मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकर वाढायचे. ह्या घरात त्यांची होती ती सगळी पुंजी गेली होती. माझं इथे कोण? भाषा बोलायला गेले तर दुकानदार हसतो. शिक्षण सातवी. घर पाडणारी बाई कोण ठेवून घेईल, असं मला खरंच वाटायचं. मुंबईची गाडी किती वाजता, तेही मी एकदा बघून ठेवलं होतं.

घराची वास्तुशांत अक्षय्य तृतीयेला ठरली. हिवरखेडहून तीसेक माणसं येणार. आठ दिवस आधी सासूबाई आल्या. त्या बोलायला फटकळ. पहिल्या वर्षी मी सोलकढी केली होती, तर एक घोट घेऊन म्हणाल्या होत्या, "कोनाले खोकला झाला का वं?" पण ज्वारीची भाकर थापायला मला त्यांनीच शिकवलं, माझा हात आपल्या हातात धरून, एक शब्द न बोलता. कडक ऊन लागलं तेव्हा माझ्या डोक्यावर स्वतःचा पदर ओला करून ठेवणाऱ्याही त्याच.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मागच्या जागेत गेल्या आणि तिथूनच हाक मारली, "अवं, हे का लावलं भितीले चिपकून?"

"केळ आहे, आई. सिंकच्या पाण्यावर."

"केळ हाये ते दिसून राहिलं मले. आमच्या तिकडे वावरंच्या वावरं हायेत केळीचे. पन घराच्या पायात कोन लावते केळ? कोन्या बुढ्यानं सांगतलं तुले?"

"आमच्याकडे अशीच लावतात."

"तुमच्याकडे माती लाल. आमची काळी हाये, बाई. पानी प्याली का फुगते, ऊन लागलं का फाटते. उन्हाळ्यात वावरात पाय जाईन इतल्या भेगा पडतात, पाह्यल्या नाई का? ते माती घर घेऊन उठते अन् घर घेऊन बसते."

एवढं बोलून त्या आत आल्या, लसणाची परडी घेतली आणि खाली बसल्या. पाठ टेकून. त्याच भिंतीला, ओटा संपतो तिथे.

मी ओट्यापाशी पाटवडीचं बेसन घोटत होते. सासूबाईंचं बोलणं माझ्या डोक्यात आता कुठे पोचत होतं. हातोडी नव्हे. केळ. रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ मी स्वतः भिंतीच्या पायात पाणी सोडत होते. भांडी घासून, तांदूळ धुऊन, उन्हाळा वाढला तशा वरून दोन बादल्या जास्त. भिंतीच्या एका अंगाला चिखल आणि दुसऱ्या अंगाला आटलेली जमीन. आणि त्या भिंतीला पाठ लावून एक म्हातारी बाई माझ्यासाठी लसूण सोलत होती.

"आई, उठा तिथनं."

"काहून?"

"उठा म्हणते ना! उठा!"

मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, परडी बाजूला ठेवली, गुडघ्यावर हात देऊन उठल्या. मी एकेक डबा खाली काढला. आता भेग खिडकीपासून टाइलांत उतरली होती, पायऱ्या पायऱ्यांनी. एक टाइल मधोमध उकलली होती. सासूबाईंनी तीत करंगळीचं नख घातलं.

"कवाची हाये?"

"होळीपासून."

"अन् तू एकटीच पाहून राहिली?"

मी मान हलवली. बेसन खाली लागलं होतं. गॅस त्यांनी बंद केला.

संध्याकाळी हे आले. मी बोलायच्या आधीच रडायला लागले, त्यामुळे सासूबाईंनी सांगितलं. ते भिंतीपाशी गेले, बाहेर जाऊन केळ बघून आले, पुन्हा आत आले. भेगेवरून बोट फिरवत खालपर्यंत नेलं.  

"मले काहून नाई सांगतलं?"

"मला परत पाठवाल म्हणून."

"परत? कुठी?"

"कणकवलीला."

ते आईकडे बघायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "इतल्या दूर तुले सोडाले कोन जाईन वं? याले इथल्या बडनेरा टेसनावर जायाचा कंटाळा येते." मग मुलाकडे बोट करून, "पाइप तर यानंच लावला ना? का पाइप चालत गेला केळीपाशी?"

दुसऱ्या दिवशी मिस्तरी आले. पिकलेल्या मिशा, कानाला पेन्सिल. त्यांनी भिंतीच्या मुळाशी हातभर खणलं, चिखलाचा गोळा काढून बोटांनी दाबला, लोण्यासारखा दबला. अजून खणलं आणि हसले. "वहिनी, तुमची केळ तर हायेच. पन जुन्या मालकानं मुरूम लागेपर्यंत खंदलंच नाई. काळ्या मातीवरच ठेवली भित. आज नाई तं उद्या उकललीच असती." माझ्या वाटणीचा अर्धा दोष त्या माणसाने असा सहज उचलून दुसरीकडे ठेवला. त्याला ते कळलंही नसेल.

"पडेल का?" मी विचारलं.

"ते मी नाई सांगत. ते काच सांगन."

पाइप गटाराला जोडा, म्हणाले. केळ काढा, तिथे बाहेरच्या बाजूला सिमेंटचा उताराचा कोबा करा, भिंतीपासून पाणी लांब गेलं पाहिजे. आणि मग त्यांनी काचेच्या तीन पट्ट्या काढल्या, बोटभर रुंद. भेगेवर आडव्या ठेवून दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवल्या. वर, मध्ये आणि खाली. भिंत हलत असेल तर काच तडकेल. उन्हाळा, पावसाळा, दोन्ही बघायचे. टिकली तर भेग भरून घेऊ. सगळ्या तडकल्या तर भिंत उतरवायची, ओट्यासकट.

केळ मी स्वतः तोडली. कोयता ह्यांच्या हातात दिला नाही. गाभा काढला, बारीक चिरला, ताकात ठेवला आणि खोबरं घालून भाजी केली. सासूबाईंनी दोनदा मागून घेतली. "बरी लागते. पन याच्यापाई भित नाई पाडाची."

वास्तुशांतीचा स्वयंपाक पुढच्या अंगणात झाला. विटांच्या चुली, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण. पाहुणे मागचं स्वयंपाकघर बघायला निघाले की सासूबाई दारात उभ्या. "आत नोका जाऊ, रंग वला हाये." तीस माणसांना तीस वेळा सांगितलं. एक काकू म्हणाल्या, "गंज दिवस झाले वं या रंगाले, अजून वाळत नाई!" सगळे हसले. मी वाढत होते, माझे डोळे भरून आले ते धुराने असं सगळ्यांना वाटलं.

त्यानंतर काचा. मिस्तरी म्हणाले होते, काम करा, घाबरू नका. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गॅस सरकवून स्वयंपाक करत होते. सकाळी चहाआधी काचा बघायच्या. भाकरी थापताना बघायच्या. जेवताना हे माझ्याकडे बघायचे आणि मी काचांकडे. एकदा म्हणाले, "माह्याकडेही पाहत जा थोडं." मी हसले, आणि पुन्हा काचेकडे बघितलं.

आषाढात एका दुपारी मी भेंडी चिरत असताना टक् असा आवाज आला. बारीक, बांगडी पिचल्यासारखा. खालची काच मधून तडकली होती. मी विळी तशीच टाकून अनवाणी गल्लीत पळाले आणि तिथून फोन केला. घरात पाऊल टाकायला मला हे येईपर्यंत जमलं नाही. मिस्तरी संध्याकाळी आले, काचेवरून अंगठा फिरवला. "जमीन आता चारी बाजूनं पानी पिऊन राहिली, म्हून खालून उचलली. वरच्या दोन पाहा. खरं ते सांगतीन."

श्रावण गेला, भादवा गेला. मी वरच्या दोन काचा रोज पुसत होते. त्यांच्यावर फोडणीचा तेलकट थर बसायचा, आणि थराखाली तडा लपला तर? पुसताना इतक्या हलक्या हाताने पुसायचे की मिस्तरी म्हणाले, "बाळ नाई ते, वहिनी."

दिवाळीच्या आधी मिस्तरींनी टॉर्च लावून दोन्ही काचा आडव्या उजेडात बघितल्या. बराच वेळ बघितल्या. मग कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर एक खूण केली. "शाबूत हायेत. भित राहते. उद्या भरतो."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण मी म्हटलं, "भेग भरा, पण वरच्या काचा ठेवता येतील का? अजून एक उन्हाळा?"

"भेव वाटते?"

"हो."

त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "राहू द्या. नवीन लावा भरलेल्यावर."

आता पुन्हा चैत्र आहे. समोरच्या मोकळ्या प्लॉटात जमीन तडकायला लागली आहे, मुलांचा चेंडू भेगेत अडकतो. स्वयंपाकघरात भिंतीला रंग दिलाय, मधे दोन काचा तेवढ्या रंगाशिवाय. काल वऱ्हाडी वरणाबरोबर कुकरमध्ये भात लावला, वर्षात पहिल्यांदा. पहिल्या शिटीला हात आपोआप गॅसच्या बटणावर गेला. मी तो तिथे धरून ठेवला, बंद केला नाही. दुसरी शिटी होऊ दिली. मग तिसरी.